चौसष्ट घरांतली चित्रकला

१९८५ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'सुपर मारिओ ब्रदर्स' नावाचा एक व्हिडिओ गेम बाजारात आणला. त्यात टोपी घातलेला एक मिशाळ बुटका डावीकडून उजवीकडे धावत सुटतो. वर निळ्या आकाशात पांढरे ढग आहेत, खाली जमिनीवर हिरवी झुडपे आहेत. ढगाचा आकार नीट पाहा, मग झुडपाचा पाहा. दोन्ही एकच आहेत. तोच गोलसर तीन टेंगळांचा आकार वर पांढऱ्या रंगात आहे आणि खाली हिरव्या रंगात. लाखो मुलांनी हा खेळ खेळला, पण फार थोड्यांच्या हे ध्यानात आले.

१९९० नंतर आपल्याकडेही टीव्हीला जोडायचे स्वस्त खेळ गावोगावी दिसू लागले. वर 'कॅसेट' खोचायची आणि खेळायचे. (एका कॅसेटमध्ये लाखभर खेळ असल्याचे वेष्टणावर छापलेले असे, प्रत्यक्षात तेच दहा-वीस खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत.) त्यांतली पुष्कळशी यंत्रे निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या 'फॅमिकॉम' या यंत्राच्या नकला होती. आज चाळिशीत असलेल्या अनेक शिक्षकांनी तो ढग आणि ते झुडूप लहानपणी पाहिलेले असणार.

चित्रकाराने आळस केला होता काय? तसे नाही. कारण सापडते ते अंकगणितात, आणि ते गणित आठवीतल्या विद्यार्थ्यालाही करता येईल इतके सोपे आहे.

पडदा मोठा, स्मृती लहान

फॅमिकॉमचा पडदा २५६ ठिपके रुंद आणि २४० ठिपके उंच होता. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. ('चित्राचा घटक' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा हा संक्षेप १९६५ साली फ्रेड बिलिंग्जली यांच्या लेखात प्रथम छापून आला. अवकाशयानांनी पाठवलेल्या चित्रांवर ते काम करीत.) गुणाकार केला तर ६१,४४० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला चारांपैकी एक रंग द्यायचा म्हटला तरी २ बिट लागतात. म्हणजे १,२२,८८० बिट, म्हणजेच १५,३६० बाइट. आणि पडद्याचे चित्र ठेवण्यासाठी यंत्रात स्मृती किती होती? २,०४८ बाइट. सातपट मोठे चित्र या डब्यात बसवायचे कसे?

उपाय असा की चित्र साठवायचेच नाही. पडद्यावर ८ ठिपके रुंद आणि ८ ठिपके उंच अशा चौकोनी फरश्या बसवल्या आहेत अशी कल्पना करायची. मग आडव्या ३२ आणि उभ्या ३० फरश्या लागतात, एकूण ९६०. कोणत्या जागी कितव्या नंबरची फरशी बसवायची एवढेच स्मृतीत लिहून ठेवायचे. एका जागेला एक बाइट पुरतो, कारण एका बाइटमध्ये ० ते २५५ असे २५६ वेगवेगळे आकडे मावतात. ९६० बाइट नंबरांचे आणि रंगांसाठी आणखी ६४ बाइट, असा पूर्ण पडदा १,०२४ बाइटमध्ये बसला. २,०४८ बाइटमध्ये तर असे दोन पडदे बसतात. मारिओ धावताना मागचे दृश्य सरकते ते याच जोरावर. एक पडदा दिसत असताना न दिसणाऱ्या भागात पुढच्या फरश्यांचे नंबर लिहिले जात असतात.

फरश्यांची चित्रे मात्र कुठेतरी हवीतच. ती कॅसेटमधल्या वेगळ्या चिपवर कायमची कोरलेली असत. एका फरशीचे ६४ ठिपके, प्रत्येकी २ बिट, म्हणजे १६ बाइट. मागच्या दृश्यासाठी २५६ फरश्या आणि हलणाऱ्या पात्रांसाठी २५६ धरल्या तर ५१२ गुणिले १६ म्हणजे ८,१९२ बाइट, ८ किलोबाइट. 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची सगळी चित्रे या ८ किलोबाइटमध्ये आहेत, आणि नियम, नकाशे, संगीत उरलेल्या ३२ किलोबाइटमध्ये. सगळा खेळ ४० किलोबाइटचा. आज खिशातल्या फोनवर काढलेला एखादा साधा फोटोसुद्धा याच्या पन्नास-शंभर पट जागा घेतो.

आता ढगाचे रहस्य उलगडते. २५६ नंबरांत विटा, पाइप, डोंगर, किल्ले, अक्षरे आणि आकडे, सगळे बसवायचे. झुडपासाठी वेगळ्या फरश्या खर्च करण्यापेक्षा ढगाच्याच फरश्यांना दुसरी रंगपेटी लावणे फुकटात पडत होते.

ही कल्पना आली कुठून

खेळ बनवणाऱ्यांनी ती शोधलेली नाही. ती अक्षरांकडून आली. १९७० च्या दशकातल्या संगणकांच्या पडद्यांवर बहुधा केवळ मजकूर दिसे. २४ ओळी, प्रत्येकीत ८० अक्षरे. पडद्याच्या स्मृतीत अक्षराचे चित्र नसे, त्याचा क्रमांक असे. चित्र वेगळ्या चिपवर. ८ नंबरची फरशी आणि 'ए' हे अक्षर यांत यंत्राच्या लेखी काहीच फरक नाही.

भारतातल्या काही शाळांनी हा प्रकार प्रत्यक्ष पाहिलेला आहे. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी ब्रिटनचे 'बीबीसी मायक्रो' संगणक घेतले. त्या यंत्राची बी ही आवृत्ती ३२ किलोबाइट स्मृतीची होती. रंगीत चित्रे काढण्याच्या एका पद्धतीत, ज्याला 'मोड २' म्हणत, त्यांपैकी २० किलोबाइट पडदाच खाऊन टाकी. उलट 'मोड ७' मध्ये ४० गुणिले २५, म्हणजे एक हजार अक्षरांच्या जागा असत आणि सगळे काम १ किलोबाइटमध्ये भागे. ज्या शिक्षकांनी त्या काळी मुलांसाठी त्यावर छोटे कार्यक्रम लिहिले असतील, त्यांना ही काटकसर पाठ असेल.

देवनागरीला मात्र हा साचा पुरला नाही. इंग्रजी अक्षरे एकापुढे एक सुटी बसतात, आपली वर-खाली आणि एकमेकांच्या पोटात शिरतात. 'स्त्री' किंवा 'लक्ष्मी' ८ बाय ८ च्या खणात कोंबून पाहा म्हणजे समजेल. आयआयटी कानपूरला सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले 'जिस्ट' तंत्र या अडचणीतूनच जन्मले. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पण चौकोन जुळवण्याचे गणित त्याहून कितीतरी जुने. सेबास्तियाँ त्रुशे नावाच्या एका फ्रेंच साधूने ऑर्लिआँजवळ कर्णावर दोन रंगांत विभागलेल्या चौकोनी फरश्या पाहिल्या आणि त्याला प्रश्न पडला, यांच्या किती रचना होतील? १७०४ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. अशी एक फरशी चार प्रकारे वळवून ठेवता येते. तिच्या चार बाजूंपैकी एकीला दुसरी फरशी लावायची, तीही चार प्रकारे. म्हणजे ४ गुणिले ४ गुणिले ४, एकूण ६४ रचना. आणि त्यांतल्या सारख्या रचना एकत्र केल्या की उरतात फक्त १०. गंमत पुढेच आहे. हाच त्रुशे फ्रान्सच्या राजासाठी नवे छपाईचे टाइप आखणाऱ्या समितीत होता. त्या समितीने अक्षरे हाताच्या वळणावर न सोडता बारीक चौकटींच्या जाळीवर आखली. एका मोठ्या अक्षरासाठी २,३०४ चौकोन. अक्षरे चौकटीत आखणारा आणि फरश्या मोजणारा एकच माणूस असावा, याला मी निव्वळ योगायोग म्हणायला तयार नाही.

फरश्यांवर विचार करणारी भुते

१९७८ सालच्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या तैतो कंपनीच्या खेळात फरश्या नव्हत्या. तोमोहिरो निशिकादो यांनी बनवलेल्या या यंत्रात पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी एक बिट होता. २५६ गुणिले २२४ भागिले ८ म्हणजे ७ किलोबाइट. रंग नव्हताच, पडद्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या चिकटवून तो आणला जाई. बिचाऱ्या प्रोसेसरला प्रत्येक परग्रहवासी स्वतः पुसून पुन्हा काढावा लागे, त्यामुळे गर्दी असताना ते संथ चालत आणि मारले जाऊन कमी झाले की जोरात पळत. खेळ हळूहळू अवघड होत जातो ही त्याची ख्याती यंत्राच्या या मर्यादेतून आलेली आहे.

पुढच्याच वर्षी नामको कंपनीच्या 'गॅलॅक्सियन'ने फरश्या आणि त्यांच्यावर तरंगणारी स्वतंत्र छोटी चित्रे, ज्यांना 'स्प्राइट' म्हणतात, अशी विभागणी रंगांसह आणली. १९८० साली तोरू इवातानी यांचा 'पॅकमॅन' आला. त्याचा उभा पडदा २८ बाय ३६ फरश्यांचा होता. त्यातला चक्रव्यूह फरश्यांचा आणि पॅकमॅन खातो ते दाणेही फरश्यांचेच. २४० लहान आणि ४ मोठे, असे २४४ दाणे. दाणा खाल्ला म्हणजे काय झाले? त्या जागेवरचा फरशीचा नंबर बदलून कोऱ्या फरशीचा नंबर लिहिला गेला. भुतेसुद्धा ठिपक्यांचा विचार करत नाहीत, आपण कोणत्या फरशीवर आहोत आणि पॅकमॅन कोणत्या, एवढेच पाहतात. दोघे एकाच फरशीवर आले की पॅकमॅन मेला. यामुळे कधी कधी एक चमत्कार होई. पॅकमॅन आणि भूत अगदी एकाच क्षणी एकमेकांच्या फरशीवर गेले, तर एका फरशीवर ते कधीच नसत, आणि पॅकमॅन भुताच्या आरपार निघून जाई.

या यंत्राचे अंतरंग सर्वांत स्पष्ट दिसते ते खेळाच्या शेवटी. २५६ व्या पातळीवर पोचणारे फार थोडे, पण तिथे पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरे, आकडे आणि तुकड्यांच्या कचऱ्याने भरून जातो. कारण पातळी मोजणारा आकडा एका बाइटचा आहे, २५५ नंतर तो शून्यावर येतो. पडद्याच्या खालच्या कडेला फळांची चित्रे काढणारा कार्यक्रमाचा भाग एकेक फळ काढून आकड्यातून १ वजा करतो आणि शून्य आले की थांबतो. इथे सुरुवातच शून्याने झालेली, म्हणून तो २५६ फळे काढत सुटतो आणि फळांच्या जागा संपल्यावर चक्रव्यूहाच्या फरश्यांवर भलतेच नंबर लिहीत जातो. पडदा म्हणजे खरे तर आकड्यांची एक वही आहे, हे इतक्या ढळढळीतपणे सांगणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

चांगली फरशी म्हणजे काय

आता प्रश्न कलेचा. ६४ चौकोन आणि तीन-चार रंग यांत चांगले-वाईट असे असणार तरी काय?

मारिओचेच उदाहरण घेऊ. तो प्रथम आला १९८१ च्या 'डाँकी काँग' या खेळात, १६ बाय १६ च्या जागेत. शिगेरू मियामोतो यांनी त्याचे रूप असे का, हे पुढे सांगितले आहे. एवढ्या जागेत तोंड दिसत नाही, म्हणून मोठे नाक आणि खाली मिशा. मिशा काढल्या की तोंड काढावे लागत नाही. उडी मारताना केस हलायला हवेत, ते जमत नाही, म्हणून टोपी. हात धडात मिसळून जातात, म्हणून बाह्यांचा रंग एक आणि वरून घातलेल्या पट्टेवाल्या पँटचा दुसरा. म्हणजे जगातल्या सर्वांत ओळखल्या जाणाऱ्या चेहऱ्यांपैकी एक चेहरा काय काय काढता येत नाही यातून घडला.

पार्श्वभूमीच्या फरशीचे दुखणे वेगळे आहे. तिला एकटे दिसायचे नसते, शेकडो भगिनींबरोबर दिसायचे असते. नवशिका माणूस गवताची फरशी काढताना हिरव्यावर गडद हिरव्या काड्या काढतो आणि शोभेसाठी एक पिवळे फूल. फरशी एकटी असताना छान दिसते. तीच पडदाभर मांडली की दर आठ ठिपक्यांवर तेच फूल, सैनिकांच्या रांगेसारखे! गवत नाहीसे होते आणि जाळी दिसू लागते. साडीवर ठसे उठवणाऱ्या छिप्याला हे दुखणे ठाऊक असते. ठसा कुठे संपला हे कळता कामा नये. म्हणून बहुतेक फरश्या शांत ठेवायच्या, फूल असलेली एखादीच, आणि तीही मधूनच टाकायची. फरशीला चारही बाजूंनी गडद किनार काढण्याचा मोह तर कटाक्षाने टाळायचा. किनार विटेला शोभते, मातीला नाही.

वक्र रेषेचाही एक नियम आहे, तो डोळ्यांना आधी कळतो आणि मग गणिताला. चौकोनांतून वळण काढले की पायऱ्या पडणारच. पण पायऱ्यांची लांबी ५, ३, २, १, १ अशी क्रमाने घटत गेली तर डोळा तिला वळण मानतो. ५, २, ३, १ अशी वरखाली झाली की रेषा दातरी दिसते. एकच चौकोन इकडून तिकडे हलवला की दोष जातो. ६४ पैकी एका चौकोनाचे वजन इतके असते, म्हणून ही चित्रे सुधारताना लोक तासन् तास घालवतात. याखेरीज उजेड सगळ्या फरश्यांवर एकाच बाजूने यायला हवा, आणि पात्रापेक्षा जमीन फिकी हवी. खेळणाऱ्याला पाय कुठे टेकायचा हे क्षणात कळले नाही तर सुंदर फरशी कुचकामी.

फॅमिकॉमवर रंगांची एक जाचक अट होती. पार्श्वभूमीसाठी चार रंगपेट्या, प्रत्येकीत तीन रंग, आणि सगळ्यांना मिळून एक सामाईक रंग. शिवाय रंगपेटी एका फरशीला स्वतंत्र निवडता येत नसे. १६ बाय १६ ठिपक्यांच्या, म्हणजे चार फरश्यांच्या चौकोनाला मिळून एकच पेटी. त्या काळच्या खेळांत जग १६-१६ च्या ठोकळ्यांचे दिसते ते यामुळे. मारिओतला प्रश्नचिन्हाचा ठोकळा लुकलुकतो, त्यासाठी दुसरी फरशी खर्चलेली नाही. पेटीतला एक रंग ठरावीक वेळाने बदलत राहतो, बस्स. आणि तो चालणारा गुंबा नावाचा शत्रू? एकच चित्र आरशातल्यासारखे उलटसुलट केले की तो डुलत चालू लागतो.

सत्तेचाळीस कुठून आले

गवत आणि वाट यांची सीमा आली की मोजणी सुरू होते, आणि हा भाग वर्गात घेण्याजोगा आहे. समजा गवताच्या फरशीच्या शेजारी गवत आहे की नाही, यावरून तिची किनार ठरते. फक्त चार बाजू पाहिल्या तर प्रत्येकीला दोन शक्यता, म्हणून २ गुणिले २ गुणिले २ गुणिले २, एकूण १६ फरश्या. पण कोपऱ्यातले शेजारीही पाहायचे म्हटले तर आठ शेजारी, म्हणजे २५६ फरश्या! फॅमिकॉमचे सगळे नंबर नुसत्या गवतातच संपले.

थोडा विचार केला की ही संख्या घसरते. कोपऱ्यातल्या शेजाऱ्याने फरक पडतो तो त्या कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना गवत असेल तरच. एका बाजूला जरी वाट असली तरी तिथे किनार आलीच आहे. आता मोजू. एकाही बाजूला गवत नाही : १. एकाच बाजूला : ४. समोरासमोरच्या दोन बाजूंना : २. लगतच्या दोन बाजूंना : अशा जोड्या ४, प्रत्येकीत एक कोपरा मोकळा, म्हणून ४ गुणिले २ म्हणजे ८. तीन बाजूंना : ४ प्रकार, प्रत्येकात दोन कोपरे, म्हणून ४ गुणिले ४ म्हणजे १६. चारही बाजूंना : चार कोपरे, म्हणून १६. बेरीज ४७. खेळ बनवणाऱ्यांमध्ये ४७ हा आकडा सुपरिचित आहे, तो असा येतो.

कडा जुळवण्याचा हा खेळ तर्कशास्त्रातही पोचला. हाओ वांग यांनी १९६१ साली चार कडांना रंग दिलेल्या फरश्या मांडल्या. अट अशी की शेजारच्या कडांचे रंग जुळले पाहिजेत आणि फरशी वळवायची नाही. असा कोणताही संच दिला तर त्याने अनंत पटांगण भरेल की नाही, हे ठरवणारी एक हुकमी रीत असू शकते का? त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट बर्जर यांनी १९६६ साली सिद्ध केले की अशी रीत असूच शकत नाही. त्या ओघात त्यांनी २०,४२६ फरश्यांचा एक संच रचला, जो पटांगण भरतो पण नक्षीची पुनरावृत्ती कधीच होऊ देत नाही. ती संख्या उतरत उतरत २०१५ साली ११ वर आली. गवतात तेच फूल रांगेने दिसू नये ही चित्रकाराची धडपड आणि हे गणित यांची गाठ पुढे खरोखरच पडली. वांगच्या फरश्या वापरून संगणकावर पुनरावृत्ती न जाणवणारे गवत, पाणी, दगड कसे पसरावेत यावर १९९७ पासून संशोधकांनी काम केले आहे.

फरश्या रचून ठोकळे, ठोकळे रचून पट्ट्या अशी काटकसरीची शिडी आणखी वर चढते. १९८६ च्या 'झेल्डा' या खेळातले उघडे जग १२८ पडद्यांचे आहे. प्रत्येक पडद्याचे फरश्यांचे नंबर सरळ लिहिले असते तर ३२ गुणिले २२, म्हणजे ७०४ बाइट एका पडद्याला, एकूण नव्वद हजारांवर. त्याऐवजी प्रत्येक पडदा १६ उभ्या पट्ट्यांचा केला आणि पट्ट्यांचे नंबर तेवढे लिहिले. १२८ गुणिले १६ म्हणजे दोन हजार बाइटच्या आसपास, अधिक पट्ट्यांची वर्णने. त्या जगात तीच झाडांची रांग निरनिराळ्या ठिकाणी भेटते ती अशी.

कोणी काढली ही चित्रे

जपानी भाषेत या चित्रांना 'दोत्तो-ए' म्हणतात, म्हणजे ठिपक्यांचे चित्र. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीला हे नाव शोभले असते, आणि तिच्यासारखीच ही कलाही बराच काळ निनावी राहिली. त्या काळात अनेक जपानी कंपन्या कलावंतांची नावे पडद्यावर येऊ देत नसत किंवा टोपणनावाने देत. दुसऱ्या कंपनीने माणूस पळवू नये ही एक भीती असे. नामकोमध्ये १९७९ साली लागलेले हिरोशी ओनो यांनी 'गॅलागा', 'डिग डग', 'झेव्हियस' अशा खेळांची चित्रे काढली. खेळ जगभर गेले, त्यांचे नाव 'मिस्टर डॉटमन' या टोपणनावाने पसरायला मात्र कितीतरी वर्षे जावी लागली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते वारले. अमेरिकेत सुझन केअर यांचे नशीब जरा बरे. १९८४ च्या मॅकिन्टॉश संगणकासाठी त्यांनी आलेखाच्या वहीत ३२ बाय ३२ चौकोन भरून चिन्हे काढली आणि ती त्यांच्या नावानेच ओळखली गेली. 'पिक्सेल आर्ट' हे शब्द छापील लेखनात आले तेही त्याच सुमारास, १९८२ साली, झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या अ‍ॅडेल गोल्डबर्ग आणि रॉबर्ट फ्लेगल यांच्या टिपणात.

आज ही चित्रे जपताना एक पेच उभा राहतो. ती काढली गेली पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसाठी. तिथे शेजारचे रंग एकमेकांत थोडे वाहत, ठिपका चौरस नसून जरा आडवा ताणलेला असे. दोन रंग बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक भरले की तिसरा रंग असल्याचा भास होई आणि चित्रकार त्याचा फायदा उठवत. त्याच फरश्या आजच्या सपाट पडद्यावर मोठ्या करून दाखवल्या की काटकोनी खडे दिसतात. मग मूळ चित्र कोणते? चिपवर कोरलेले आकडे की त्या काचेवर दिसत असलेले मऊ चित्र? मला वाटते आकडे जपणे ही अर्धीच जबाबदारी आहे. जुना टीव्ही चालू ठेवणारे संग्रहालय उरलेली अर्धी पार पाडते, आणि ते काम दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे, कारण त्या नळ्या आता बनत नाहीत.

फरशीची सक्ती हळूहळू संपली. १९८८ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' ३८४ किलोबाइटचा होता, पहिल्याच्या जवळजवळ दहापट. त्याच्या कॅसेटमध्ये फरश्यांचे गठ्ठे खेळ चालू असताना बदलणारी जादा चिप होती, त्यामुळे नाणी खरोखर फिरताना दिसू लागली. १९९४ मध्ये 'प्लेस्टेशन' आले, त्रिमिती चित्रांचे दिवस सुरू झाले आणि स्मृती स्वस्त होत गेली. आता ८ बाय ८ ची गरज कोणालाच नव्हती.

तरीही फरश्या टिकल्या, कारण काटकसर आता निराळ्या गोष्टीची होती. २०१६ साली आलेला 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीवरचा खेळ एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ राबून एकट्याने बनवला. चित्रे, संगीत, कथा, कार्यक्रम, सगळे त्याचेच. पिक्सेलची चित्रे काढायला तो स्वतःच शिकला, आणि जसजसा हात सुधारला तसतशी आधीची चित्रे टाकून पुन्हा पुन्हा नव्याने काढत गेला. एका माणसाने सबंध गाव, शेते, समुद्रकिनारा आणि चारही ऋतू रंगवायचे तर १६ बाय १६ च्या फरश्यांना पर्याय नाही. स्मृतीचा तुटवडा गेला, माणसाच्या तासांचा राहिला.

वर्गात हे करून पाहायला संगणक लागत नाही. गणिताची चौकटीची वही घ्यावी आणि प्रत्येक मुलाला ८ बाय ८ ची एक जागा आखून द्यावी. रंग दोनच. एका ओळीतले आठ चौकोन म्हणजे एक बाइट; भरलेल्याला १, कोऱ्याला ०, म्हणजे मुलाचे सबंध चित्र आठ आकड्यांत लिहिता येते आणि बाकावरून बाकावर आकडे सांगून दुसऱ्याला तेच चित्र काढता येते. गवत किंवा भिंत काढलेल्यांनी पुढची परीक्षा घ्यावी. फरशी उभी आणि आडवी मधोमध कापून चार तुकडे करायचे आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांची अदलाबदल करायची. आधी बाहेर असलेल्या कडा आता मध्ये येऊन एकमेकींना भिडतात आणि सांधा जुळत नसेल तर तो लगेच दिसतो. तेवढाच मधला भाग खोडून नव्याने भरायचा, पण बाहेरच्या कडांना हात लावायचा नाही, कारण त्या आधी चित्राच्या मध्यावर होत्या आणि एकमेकींशी जुळलेल्याच आहेत.